रिमांड होम आणि तुरुंग
(मुरुड येथील सभेत केलेले भाषण)



पोराला धाक घालताना “रिमांड होमात टाकीन” असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे ती संस्था म्हणजे लहानांचा तुरुंग, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः मुलाला तुरुंगापासून वाचविण्यासाठीच तिचा जन्म झाला.

पूर्वी अपराधी बालकांनाही प्रौढ कैद्यांत ठेवीत. मुंबईत 1857 साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली व अशा मुलांना हातचा धंदा शिकविण्याची सोय झाली. 1876 च्या कायद्याने मुलास तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठविण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. 1924 साली मुंबई इलाख्यासाठी बालकायदा झाला. 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. तिचे उमरखाडीचे रिमांड होम मात्र डोंगरीच्या जुन्या तुरुंगातच थाटले गेले. 1882 साली टिळक व आगरकर यांनी 101 दिवस काढले, तोच हा तुरुंग!

सुधारणेच्या नावाखाली अन्यायही झाला, हे विसरता कामा नये. 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा ठरविलेल्या जमातींची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तेथे अपराध जन्माचाच होता. गुन्हेगार जमातींचे असे कायदे 1952 साली रद्द झाले. म्हणून हेतू चांगला आहे एवढ्यावर विसंबू नका. आपले हक्क जाणून घ्या.

2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला बालन्याय मंडळापुढे नेले पाहिजे. मंडळात एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. त्यांत किमान एक स्त्री असते. काही अपवाद सोडल्यास जामीन मिळालाच पाहिजे. वकील विनामूल्य मिळतो. चौकशी चालू असता मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. त्याचे नाव छापण्यास बंदी आहे. सोळा वर्षांवरील मुलावर अतिघोर गुन्ह्याचा आरोप असल्यास मात्र प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तेव्हा वकिलाकडे जाण्यास विलंब करू नका.

माझ्याकडे एक माता आली होती. तिच्या मुलाचे वय कागदावर एकोणीस लिहिले गेले व तो प्रौढ कैद्यांत दिवस काढीत होता. लोकलाजेस्तव ती भेटीसही गेली नव्हती. मूल पंधरा वर्षांचे असल्याचा शाळेचा दाखला तिच्या घरच्या पेटीतच होता!

बांधवांनो, तो दाखला जपून ठेवा. प्रसंग आलाच, तर लाज न बाळगता तो घेऊन त्याच दिवशी मुलाकडे धाव घ्या.