फुकटची टपालपेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मला टपालावर बोलायला सांगितले आहे. लेकीची खुशाली, बँकेचा हिशेब, तपासणीचे अहवाल हे सारे हल्ली ई-मेलने येते; म्हणून हा विषय घरचाच समजावा.

फुकट पेटीची चाल पसरली ती हॉटमेलमुळे. भारतात वाढलेले सबीर भाटिया व त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत ती सेवा सुरू केली. पेटी होती अवघी २ मेगाबाइटची. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही तीत जेमतेम मावेल. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली; आज तीच आउटलुक नावाने चालते. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने १ गिगाबाइटची जीमेल जाहीर केली, तेव्हा तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली!

आता कोणती पेटी घ्यावी? जीमेल १५ गिगाबाइट देते, पण त्यातच फोटो आणि इतर कागदही धरलेले असतात. नातवंडांच्या फोटोंनी कोठार भरले, की नवी पत्रे परत जातात. एका पत्राबरोबर २५ मेगाबाइटपेक्षा जड वस्तू जोडता येत नाही. आउटलुकही पत्रांना १५ गिगाबाइट देते. परंतु पत्राला जोडलेल्या फायलींचा भार २०२३ पासून वनड्राइव्हच्या ५ गिगाबाइटांवरही पडतो. याहू २०१३ पासून तब्बल १ टेराबाइट देत असे. २०२५ मध्ये तिने ते २० गिगाबाइटवर आणले. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनमेलमध्ये जाहिराती नाहीत आणि साठवलेली पत्रे कंपनीलाही वाचता येत नाहीत. मात्र जागा १ गिगाबाइट, आणि दिवसाला १५० पत्रांची मर्यादा. शिवाय परवलीचा शब्द विसरलात आणि आधी तजवीज केली नसेल, तर जुनी पत्रे कुलपातच राहतात.

तेव्हा भगिनींनो, पेटी फुकट असली तरी घर दुसऱ्याचे आहे, आणि नियम घरमालकाचे. याहू एक वर्ष, तर गूगल दोन वर्षे न उघडलेली पेटी रिकामी करू शकते.

आमच्या आळीतल्या एका वहिनींचे यजमान अचानक गेले. विम्याचे कागद, वीजबिले, मुलाची परदेशातून आलेली पत्रे सारे त्यांच्याच पेटीत. परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही. मोबाइलचा नंबर घरच्यांनी बंद केलेला, म्हणून ओटीपीही येईना. कंपनीला लिहिले, तर ठराविक साच्याचे उत्तर आले. विम्याचे काम पुढे कार्यालयात खेटे घालून झाले. पत्रे मात्र आजतागायत मिळाली नाहीत. दागिन्यांच्या किल्ल्या कोठे आहेत हे आपण सर्वजणी जाणतो. या किल्लीची चौकशी कितीजणींनी केली आहे?

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. महत्त्वाचे कागद व लाडकी पत्रे उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावीत आणि काही छापून घ्यावीत. परवलीचा शब्द वहीत लिहून ती वही कपाटात कुलुपात ठेवावी व विश्वासाच्या एका माणसाला सांगावे. जुना मोबाइल नंबर बंद करण्यापूर्वी पेटीत नवा नोंदवावा. आणि जीमेल वापरणाऱ्या भगिनींनी ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीत वारसाचे नाव घालावे. पेटी ठरलेली मुदत पडून राहिल्यास निवडलेला मजकूर त्याला मिळू शकतो.

आपल्या मंडळानेही एवढे करावे. मंडळाची पेटी मंडळाच्याच नावाने असावी आणि किल्ली चिटणीस व खजिनदार दोघींकडे असावी. म्हणजे पदाधिकारी बदलल्या तरी इतिवृत्ते आणि जमाखर्च हाती राहतील.

या पेट्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परदेशी गेलेल्या मुलींची खुशाली क्षणात कळते, हे त्यांचे उपकारच आहेत. घरी गेल्यावर आजच यजमानांना किंवा मुलांना किल्लीचे विचारा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.