मृत्यूची नोंद : शोकाच्या घरी राहून जाणारे काम



घरात कुणी गेले की आपल्याकडे शेजार धावून येतो. चूल पेटत नाही तेव्हा पिठले-भात शेजारून येतो, दहावे-तेरावे यथासांग पार पडते. मागे राहते ती सरकारदरबारची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यू कळविण्याची मुदत २१ दिवसांची आहे. म्हणजे तेराव्यानंतर हाती उरतात जेमतेम आठ दिवस.

घोटाळा पुष्कळदा ठिकाणावरून होतो. समजा, साताऱ्याकडील एखादा शेतकरी पुण्याच्या रुग्णालयात वारला आणि अंत्यसंस्कार गावी झाले. घरची माणसे ग्रामपंचायतीत खेटे घालतात आणि ग्रामसेवक नकार देतो. त्यात त्याचा दोष नाही. मृत्यू जेथे घडला तेथेच त्याची नोंद होते. मृताचे गाव कोणते, हा प्रश्नच नसतो. रुग्णालयातील मृत्यू कळविणे हे तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम, घरातील मृत्यू कळविणे हे कुटुंबप्रमुखाचे. आणि कुटुंबप्रमुखच गेला तर? मग घरातील जवळच्या नातेवाइकाचे. पण हे त्या नातेवाइकाला त्या दिवसांत सांगणार कोण?

महिना उलटला की स्वयंसाक्षांकित दस्तऐवज आणि लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. हे काम पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते; २०२३ च्या दुरुस्तीने ते जिल्हा प्रशासनातील दंडाधिकाऱ्यांकडे आले. तोवर विम्याची रक्कम अडते, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढत नाहीत, विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होत नाही. घर चालायचे कशावर?

सारा दोष कुटुंबाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. नोंद वेळेत होऊनही ‘उद्या या’ हे उत्तर ऐकणारे थोडे नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीनुसार नोंद पूर्ण झाल्यापासून सात दिवसांच्या आत निबंधकाने माहिती देणाऱ्यास दाखला विनामूल्य द्यावयाचा आहे. निबंधकाच्या कृतीविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपीलही करता येते. खिडकीपाशी हे कलम शांतपणे दाखविणारा एक माणूस सोबत असला, तरी पुष्कळ फरक पडतो.

कार्यकर्ते दुखवट्याच्या घरी जातातच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनीच विषय काढावा, रुग्णालयाचे कागद गोळा करावेत, घरातील एकाला घेऊन कार्यालयात जावे. आणि दाखला हाती पडताच, तेथेच उभे राहून मृताचे नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे.