वाघांची मोजदाद : डॉ. उल्लास कारंथ यांच्या संशोधनाचा मागोवा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हांला गणित शिकवले. उत्तर बरोबर आले, पण रीत चुकली, तर ते निम्मे गुण कापीत. आजचा माझा विषय वाघांचा असला तरी तो त्या निम्म्या गुणांविषयीच आहे.

डॉ. उल्लास कारंथ हे आपल्याच राज्यातील पुत्तूरकडचे, थोर कन्नड साहित्यिक शिवराम कारंथ यांचे चिरंजीव. शिक्षणाने यांत्रिकी अभियंता. पुढे फ्लॉरिडा विद्यापीठात वन्यजीवशास्त्र शिकून त्यांनी १९८० च्या दशकात नागरहोळेच्या अरण्यात अभ्यास मांडला.

त्या काळी वाघांची गणना पायांच्या ठशांवरून होत असे. मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर रेखून घ्यायचा, आकारावरून वाघ वेगळे करायचे आणि सर्वांची बेरीज मांडायची. अशा एका गणनेत तरुण शिक्षक या नात्याने मीही स्वयंसेवक होतो. संध्याकाळी ठशांचे कागद टेबलावर पसरले. एकाच वाघाचा ठसा चिखलात मोठा उमटतो, कोरड्या मातीत लहान. मग हे वाघ दोन की एक? साहेबांनी मागच्या वर्षीचा आकडा विचारला, आणि त्याच्या आसपासचा आकडा ठरला. तक्त्याखाली माझीही सही आहे. सर तेव्हा हयात होते. त्यांना ही गोष्ट सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

कारंथांचा आक्षेप नेमका येथेच होता. त्यांनी वाघाच्या अंगावरील पट्टे ही ओळख मानली. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. इतकेच काय, एकाच वाघाची डावी-उजवी कूसही जुळत नाही. म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधायचे. वाघ मधून गेला की छायाचित्र आपोआप निघते.

परंतु सगळेच वाघ कॅमेऱ्यापुढे येत नाहीत. न आलेले कसे मोजावेत? या टेबलावर वाटाण्यांची बरणी आहे. तीतून वीस वाटाणे काढून शाईने रंगवा, परत टाका, नीट हलवा. पुन्हा वीस काढा. त्यांत पाच रंगीत निघाले, तर बरणीत सुमारे ऐंशी वाटाणे असावेत. न पाहिलेल्यांचा असा हिशेब लागतो. अर्थात वाघ म्हणजे वाटाणे नव्हेत; कोणी धीट, कोणी बुजरा. तेवढ्यासाठी संख्याशास्त्राची अवजड गणिते लागतात. ती कारंथांनी जेम्स निकोल्स या अमेरिकन संशोधकासह वाघांना लावली. १९९८ च्या त्यांच्या निबंधात शंभर चौरस किलोमीटरमागे नागरहोळेत ११.५, तर पेंचमध्ये ४.१ वाघ असा अंदाज आहे, आणि प्रत्येक आकड्यासोबत तो किती चुकू शकतो याचे मापही आहे. आमच्या तक्त्यात हे मापच नव्हते.

सरिस्कात वाघ उरले नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, तेव्हा सरकारी कागदांवर वाघ होतेच. त्यानंतर ठशांची पद्धत मागे पडली. २००१-०२ च्या गणनेत ३,६४२ वाघ होते. नव्या पद्धतीने २००८ मध्ये १,४११ जाहीर झाले. निम्म्याहून अधिक वाघ मेले, असा गवगवा झाला. माझ्या मते हे दोन आकडे एका तराजूत घालताच येत नाहीत. पहिल्यावर विसंबण्याचे कारण नव्हते. नव्या राष्ट्रीय गणनेच्या काही आकडेमोडीवरही कारंथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आक्षेप घेतला. असा माणूस कोणत्याच कचेरीला फारसा प्रिय नसतो.

त्यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. वाघ वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरे मारतो. कळप घटू न देता त्याला हे भक्ष्य मिळायचे, तर पाचशेच्या आसपास चितळ, सांबर, गवे हवेत. अकरा ठिकाणांच्या अभ्यासातून २००४ मध्ये त्यांनी भक्ष्य आणि वाघ यांचे हे नाते मांडले. म्हणजे वाघाला कोणी हात लावला नाही, पण फासे लावून सांबरे संपवली, तरी वाघ जातोच.

हे आपल्यापासून दूर नाही. खानापूरचे भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. पलीकडे गोव्यातील म्हादईत जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषाने मेले. मुळाशी मारल्या गेलेल्या गुरांचा राग होता. ज्याची गाय गेली त्याला शंभर चौरस किलोमीटरमागचा आकडा सांगून काय उपयोग? नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, हाही संरक्षणाचाच भाग आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. बरणी आणि शाईची दौत येथेच ठेवून जातो. आत नेमके किती वाटाणे आहेत हे मी मोजलेले नाही. नववीच्या मुलांनी तीन-चार वेळा हिशेब करावा आणि मगच बरणी ओतून मोजावी.