तंजावरचा शिलेदार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपापल्या घराण्याविषयी प्रत्येकीने थोडे बोलावे, असे मंडळाने ठरविले. माझे माहेर तंजावरचे. लग्न होऊन पिंपरीस आले तेव्हा माझे बोलणे ऐकून शेजारणी विचारीत, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" शिकले कुठेच नाही. आमच्या घरात ती तीनशे वर्षांहून अधिक काळ बोलली जाते. ती तिकडे गेली कशी, याचा मी शोध घेतला.

आमचा मूळपुरुष शिवाजी महाराजांच्या फौजेतून दक्षिणेत गेला, असे घरातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत. घरी सरफोजी राजांच्या काळचा एक मोडी कागद होता. तो पुण्यात एका जाणकारांकडून वाचून घेतला. त्यात आमचे घराणे एकोजीराजांबरोबर आले, असे निघाले. मूळपुरुष शिलेदार होता, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस राहिलेला.

एकोजी म्हणजे व्यंकोजी, महाराजांचे सावत्र बंधू. ते विजापूरच्या आदिलशहाचे सरदार होते. मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकून घेतले होते. ते सोडवून तेथील नायकाच्या वारसास द्यावे, म्हणून विजापूरने त्यांना पाठविले. १६७५-७६च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. १६७७ साली महाराज दक्षिणेत गेले. कोलेरून नदीकाठी तिरुमलवाडीस दोघे भाऊ भेटले, वडिलार्जित दौलतीच्या वाट्याचे बोलणे झाले, पण जमले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. आमचा शिलेदार त्या लढाईत असेल, तर तो महाराजांच्या सैन्यासमोर उभा असणार!

हे वडिलांना सांगणे मला जड गेले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ज्याचे मीठ खाल्ले त्याची चाकरी केली. खोटे सांगण्यापेक्षा हे बरे." त्या दिवसापासून घरात खरी हकीकत सांगतात.

शिलेदार परत का आला नाही? तंजावर म्हणजे कावेरीचे खोरे, भाताचे कोठार. पण ती जमीन ओसाड नव्हती. चोळ राजांच्या काळापासून कल्लणै धरणाच्या पाण्यावर तमिळ शेतकरी ती पिकवीत आले होते. शिपायाच्या ताटातला भात त्यांच्या घामाचा होता, हे आपण विसरू नये.

पुढे १७९९च्या तहाने कंपनीने राज्याचा कारभार घेतला. सरफोजींकडे किल्ला व थोडा भोवताल उरला. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि राज्य संपले. तलवारीची चाकरी गेली. आमच्या घरातले पुरुष कोणी कारकून झाले, कोणी शिक्षक. बाहेर सगळा व्यवहार तमिळ. तरी चुलीपाशी मराठी टिकली. मोडी कागदात एकाही स्त्रीचे नाव नाही. पण पाळण्यातल्या मुलाशी पिढ्यान्‌पिढ्या मराठीत बोलल्या त्या बायकाच ना? त्यांतल्या काही तमिळ घरांतूनही आल्या असतील. त्यांनी परकी भाषा आपली केली, हे केवढे काम!

आपणांपैकी कोणास असा शोध घ्यावयाचा असेल, तर कुलदैवतापासून आरंभ करावा. आमच्या घरी जेजुरीचा खंडोबा राहिला, तोच आम्हांस इकडे घेऊन आला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या पाहाव्यात. पुण्याचे पुरालेखागार व १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ जवळच आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. आणि घरातल्या आजीस आजच विचारावे. कागद थांबतो, आजी थांबत नाही.

पिंपरीत आपण बहुतेक बाहेरून आलेल्या. कोणी फाळणीनंतर सिंधमधून आले, कोणी १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाल्यावर. पवनाकाठच्या ज्यांच्या शेतांवर ही वस्ती उभी राहिली, त्या घरांतल्या भगिनीही येथे बसल्या आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी बोलावे, आपण ऐकावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.