आईच्या खांद्यावरचे मूल

मंडळी, रहिमतपूरचा आठवड्याचा बाजार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नसेल तर आपल्या गावचा आठवा, फरक थोडाच. मिरचीचा ठसका, आल्याची पोती, काट्यावरची हुज्जत. मागल्या वर्षी अशाच गर्दीत एक बाई माझ्यापुढे चालली होती. डोक्यावर पाटी, आणि खांद्यावर दीड-दोन वर्षांचे पोर. बाईच्या कपाळावर घाम, काय घेतले नि काय राहिले याचा तोंडाने हिशेब चाललेला. आणि पोर? गाढ झोपलेले. तोंड उघडे, लाळ पदरावर.

मला त्या पोराचा हेवा वाटला. त्या दिवसांत माझी मुलगी साताऱ्यास इस्पितळात होती. आता ती चांगली आहे, पण तेव्हा ताप हटत नव्हता, आणि मला महिनाभर धड झोप नव्हती. मी ख्रिस्ती घरात वाढलेला, प्रार्थना तोंडपाठ. पण प्रार्थना झाली की मी पुन्हा रात्रभर पै-पैचा हिशेब मांडीत बसे.

येशूचे शिष्य एकदा आपल्यात मोठा कोण म्हणून वाद घालू लागले, तेव्हा त्याने एक बालक मधे उभे केले आणि असे व्हा म्हणून सांगितले, ही गोष्ट शुभवर्तमानात आहे. बालक निष्पाप, म्हणून ते पुढे केले, असे पुष्कळ जण सांगतात. माझ्या शिक्षकबंधूंना हे पटणार नाही! ज्याने चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला आहे, त्याला मुलांचा निष्पापपणा विचारू नका. पेन्सिली पळवतात, खोटे बोलतात. पण एक गोष्ट पाहा. मुलाला भूक लागली की मागायला लाज वाटत नाही. आणि आईने चापट मारली तरी ते रडत रडत तोंड खुपसते ते तिच्याच पदरात. दुसरीकडे जावे हे त्याला सुचतच नाही. येशूला हेच दाखवायचे असावे, असे मला वाटते.

आपल्या साताऱ्यात असा एक माणूस येऊन राहिला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलामुलांचे कवी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. पाठ्यपुस्तकातून त्यांच्या कविता आपण शिकवल्या आहेत. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि वारकरी विठोबाला माउली म्हणतो तसे ते ख्रिस्ताला आई म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे एका कुटुंबासारखे असावेत, ही कल्पना. उद्याचे काय? ते बाप पाहील. वय पंचावन्नाच्या पुढे, प्रकृती खालावलेली. दोन वर्षे झाली न झाली तोच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले.

ऐकायला हे फार गोड वाटते. पण कोणी असा निर्धास्त झाला की घरात पीठ आहे का हे पाहणारे दुसरे कोणी असावे लागते. टिळकांच्या घरी त्या लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, मास्तरांनी तर अवश्य वाचावे. आलेला पैसा पती कसा वाटून टाकीत आणि संसाराची ओढाताण कशी होई, हे त्यांनी हसत हसत लिहिले आहे, पण ते हसू स्वस्त नव्हते. म्हणून मला वाटते, भरवशाचा धडा टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंपाशी अधिक आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, सोवळे सांभाळले, जातपात देवाची की माणसाची याचा आपल्या बुद्धीने विचार केला, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पतीच्या मागे त्यांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन पुरे केले.

भरवसा म्हणजे डोळे मिटणे नव्हे. देव बरे करील म्हणून आजाऱ्याला डॉक्टरकडे न नेणारा माणूस बालक नव्हे, हटवादी आहे. आणि भरवसा ठेवणाऱ्याला दुःख होत नाही, असेही नाही. धरला जाण्याच्या रात्री येशू गेथशेमाने बागेत हाच प्याला टळावा म्हणून विनवीत होता. पण तिथे तोंडी शब्द आला ‘अब्बा’. अरामी भाषेत घरातली मुले बापाला हाक मारीत, तो हा शब्द. प्याला टळला नाही. हाक मात्र त्यालाच.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. कळले ते इस्पितळात. एका रात्री माझी म्हातारी आई रहिमतपूरहून शेवटच्या एस.टी.ने आली. नातीजवळ बसली, डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली, “बाबा, पोरीला बरी कर. आणि ह्याला जरा झोप दे.” प्रार्थना एवढीच. माझ्या मोठमोठ्या प्रार्थनांत झोप मागायचे कधी सुचले नव्हते. ती मला म्हणाली, “मी जागी हाय. तू पड.”

मी बाहेरच्या बाकावर पडलो. सकाळी नर्सने हलवून उठवले तेव्हा ऊन अंगावर आले होते. मुलीचा ताप होता तेवढाच होता. आई म्हणाली, “तोंड धू, आणि खाली जाऊन चहा आण. दोन कप आण.”