घरकुल मंजूर, पण जागा कुठाय?

परवडणारी घरं म्हटलं की मुंबई-पुण्याचे टॉवर आठवतात. पण २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याच्या ११ लाख ७७ हजार लोकांपैकी शहरात राहणारे जेमतेम पंधरा टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडे घराचा प्रश्न सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावासारख्या मोठ्या गावातच बघावा लागतो.

अशा गावाची ठेवण आठवा. मधे जुनं गावठाण, बोळ, माळवदाची घरं. एका वाड्यात तीन भाऊ नांदायचे. आता भावांचे संसार वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली. गावातले लोक दुप्पट झाले नसतील, पण चुली मात्र झपाट्याने वाढल्या. आणि घर लागतं ते चुलीमागे. त्यात आडवळणाच्या वाडीवरची माणसं शाळा, दवाखाना, एसटीच्या सोयीसाठी मोठ्या गावात येतात. नोकरदार सडकेकडेला प्लॉट घेतात. उलट मजूर कुटुंबं ऊसतोडीला किंवा पुण्याला जातात, पण गावातलं घर सोडत नाहीत. परतायचं कुठे, हा प्रश्न असतोच ना!

२०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधून सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. शिवाय रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. सळई, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी वाढत गेली, मूळ रक्कम वर्षानुवर्षं तीच राहिली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये जादा ५० हजार जाहीर केले, पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरवलं. चांगलंच झालं. पण माझ्या मते खरी अडचण विटांच्या आधीच सुरू होते.

घरकुल बांधायला पायाखाली स्वतःची जागा हवी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घर-जागेच्या नोंदवहीत, ज्याचं नाव नाही, त्याचं काय? पूर्वी असा माणूस गायरानात खोप घालायचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणाविरुद्ध निकाल दिला आणि ती वाट अरुंद झाली. दीनदयाळ उपाध्याय योजनेत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळत, पुढे ते १ लाख झाले, तेही पाचशे चौरस फुटांपर्यंत. सडकेलगतच्या प्लॉटचा भाव ज्यांना ठाऊक आहे, ते हसतील.

शेतातली जागा घ्यावी, तर तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठाभर तुकडा विकता येत नसे. २०२४ च्या नियमांनी घरकुलाच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने हजार चौरस फुटांपर्यंत शेतजमीन घेण्याची मुभा दिली. फार थोड्यांना ही गोष्ट माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. तलाठ्याला, ग्रामसेवकाला याबद्दल जरूर विचारा.

मात्र गावालगतचा शेतकरी प्लॉटिंगच्या भावाचं रान भूमिहीनाला स्वस्तात का देईल? नाहीच देणार, आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणून गावठाण वाढवताना काही जागा बेघरांसाठी आधीच राखून ठेवायला हवी. ते काम ग्रामसभेने धरायचं, नाहीतर सडकेकडेला नोकरदारांची वसाहत उभी राहील आणि मंजुरीचा कागद हातात घेतलेला मजूर भावाच्या पडवीतच राहील.