करारात हवेचं कलम



30 डिसेंबर 2024 रोजी मुंबई महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. तिथला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक सतत 200च्या वर राहिला होता. पुढे आकडा उतरला, काही दिवसांत बंदी उठली आणि कामं पुन्हा सुरू झाली. बातमी मागे पडली. पण तो 200चा आकडा समजून घ्यायला हवा. कारण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही जा, ठिकठिकाणी जुन्या इमारती पुनर्विकासाला निघालेल्या आहेत.

हवेची आपली राष्ट्रीय मानकं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर 2009मध्ये जाहीर केली. त्यांत एकूण 12 प्रदूषकं आहेत. बांधकामाशेजारी राहणाऱ्याने त्यांतली दोन तरी ओळखून असावं. पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतले. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. 24 तासांच्या सरासरीत, एका घनमीटर हवेत पीएम 10 जास्तीत जास्त 100 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 जास्तीत जास्त 60, ही आपली मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये हेच आकडे 45 आणि 15 असे सुचवले आहेत.

निर्देशांक 101 ते 200च्या दरम्यान असला की मोबाइलवर ‘मध्यम’ असं दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. तसं होऊ नका. निर्देशांक 100च्या पुढे गेला याचा अर्थच असा की निदान एका प्रदूषकाने मानक ओलांडलेलं आहे. पीएम 10मुळे तो 200वर पोचला असेल, तर हवेत 250 मायक्रोग्रॅम धूळ आहे, म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. बोरिवलीत कामं थांबली ती निर्देशांक 200च्या वर गेल्यावर.

शिवाय ही सरासरी अख्ख्या दिवसाची असते, आणि मोजणारं यंत्र असतं दूर कुठेतरी. बोरिवली पूर्व, मुलुंड पश्चिम, घाटकोपर इथे केंद्रं आहेत, त्यांचा उपयोगही आहे. पण तुमच्या खिडकीसमोर सकाळी दोन तास जुनी इमारत पाडली जाते, तेव्हा आजीला जो ठसका लागतो, तो त्या सरासरीत कुठेच उमटत नाही.

ही धूळ नुसती माती नसते. काँक्रीट फोडताना, ग्रॅनाइट आणि लाद्या कोरड्या कापताना तिच्यात सिलिकाचे सूक्ष्म कण मिसळतात. मोठे कण नाकाघशात अडकतात, खोकला आणि सर्दी देतात. बारीक कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणून हवा बिघडली की दम्याबरोबर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही धोका वाढतो. बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगाला कारणीभूत ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013मध्येच स्पष्ट केलं. डंपर आणि जनरेटरच्या डिझेल धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे लहान मुलांचा दमा बळावतो.

सगळ्यांत जास्त भोगतो तो कटर चालवणारा कामगार. तोंडाला रुमाल बांधून तो दिवसभर त्या धुरळ्यात उभा असतो. सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि ज्याला तो होतो त्याला क्षय जडण्याची भीती कितीतरी वाढते. आपली तक्रार खिडकीपुरती असते. त्याच्या घरात तर कमावता माणूसच खाटेला खिळतो. पुनर्विकासाच्या करारांच्या चर्चेत त्याचं नावही कोणी घेत नाही, याचा मला संताप येतो.

ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती 35 फूट उंच पत्रे, त्याहून लहान जागेला 25 फूट. इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री. दिवसातून अनेकदा पाणी मारणं, बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुणं, राडारोडा झाकून नेणं, कापणं-घासणं बंदिस्त जागेत. आणि आवारातच हवा मोजणारं यंत्र. नियम चांगले आहेत. पण रस्त्यावरून दिसतात ते पत्रे बहुतेक ठिकाणी उभे राहतात; आतलं पाणी मारणं मात्र कोणी बघायला येईल तेव्हाच होतं. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि पहाटेची धूळ उन्हं वर येईपर्यंत हलत नाही. नेमक्या त्या महिन्यांत कामाला वेग असतो.

20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला 2006च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीच्या अटी पाळल्या का, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, सादर करावा लागतो. शेजारच्या सोसायटीने तो जरूर मागावा. आपल्याकडच्या एकेकट्या सोसायटीचा पुनर्विकास बहुधा या मर्यादेखालीच राहतो. तिथे लोकांच्या हातात उरतो तो विकासकाशी होणारा करार.

या करारावर महिनोन्‌महिने सभा चालतात. वाढीव कार्पेट क्षेत्र किती, कॉर्पस निधी किती, भाडं किती, पार्किंग कुणाला. वकील एकेक ओळ तपासतात. मग त्यातच हवेचंही कलम घाला. पाडकाम पाणी मारूनच होईल, लाद्या ओल्याच कापल्या जातील, यंत्रावरचा आकडा फाटकाबाहेर सगळ्यांना दिसेल असा लावला जाईल, कामगारांना रुमालाऐवजी योग्य मास्क मिळतील आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की धुळीचं काम थांबेल, असं लिहून घ्या. तुम्ही भाड्याच्या घरात निघून जाल; शेजारचे लोक तीन-चार वर्षं तिथेच राहणार आहेत, म्हणून त्यांच्या कमिटीलाही त्या बैठकीला बोलवा. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय आजच लेखी द्या.